कव्हरवर छापलेला जमाखर्च

प्रश्न : 'स्क्रिटी पोलिटी' या ब्रिटिश पोस्ट-पंक (पंक रॉकच्या लाटेनंतरच्या) बँडच्या पहिल्या सिंगलच्या, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या तबकडीच्या, कव्हरचे छायाचित्र पाहण्यात आले. त्यावर रेकॉर्डिंगचा खर्च, तबकडी छापण्याचा दर असा चक्क जमाखर्च दिला आहे. हा खर्च जगजाहीर करण्यामागे काय हेतू असावा, आणि एवढ्या पैशांत खरोखर रेकॉर्ड निघत असे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : आपण पाहिलेले कव्हर 'स्कँक ब्लॉक बोलोन्या' या १९७८ साली निघालेल्या सिंगलचे. लीड्सच्या कलाशिक्षणानंतर लंडनच्या कॅम्डेन भागात एका बळकावलेल्या घरात बिऱ्हाड थाटलेल्या ग्रीन गार्टसाइड, टॉम मॉर्ली आणि त्यांचा मित्र नायल जिंक्स यांनी ते 'सेंट पँक्रस' या स्वतःच्याच लेबलवर काढले. लेबल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कंपनी येते. इथे मात्र लेबल म्हणजे तबकडीवर घालायचे एक नाव, एवढाच अर्थ होता.

हिशोब छापण्यामागचा हेतू सरळ होता. रेकॉर्ड काढणे हे मोठ्या कंपन्यांचेच काम, हा समज मुख्यतः खर्चाचा आकडा ठाऊक नसल्यामुळे टिकून होता. 'डेस्परेट बायसिकल्स' या बँडने १९७७ मध्ये अवघ्या १५३ पौंडांत आपले पहिले सिंगल काढून तो आकडा सांगून टाकला होता. स्क्रिटी पोलिटीने एक पाऊल पुढे जाऊन खर्चाची बाबवार फोड दिली.

ती फोड वाचण्याजोगी आहे. केंब्रिजमधल्या स्टुडिओत चौदा तासांचे रेकॉर्डिंग, मास्टर टेपसह (म्हणजे ज्यावरून पुढे तबकड्या तयार होतात त्या मूळ ध्वनिफितीसह), ९८ पौंड. मास्टरिंगचे, म्हणजे टेपवरचा आवाज लॅकरचा, म्हणजे मऊ रोगणाचा, थर असलेल्या चकतीवर खाचांच्या रूपाने कोरून घेण्याचे, ४० पौंड. तबकडीच्या मधोमध असणाऱ्या कोऱ्या पांढऱ्या कागदी लेबलांवर उमटवायचा रबरी शिक्का ८ पौंड. हे झाले १४६ पौंड, आणि प्रती पाचशे काढा की पाच हजार, ही रक्कम बदलत नाही. छपाईचा दर प्रतीमागे १३ पेन्स (शंभर पेन्सचा एक पौंड) होता. पाचशेच प्रती काढल्या असत्या, तर प्रत्येक प्रतीवर या १४६ पौंडांपैकी २९ पेन्सचा बोजा पडला असता. त्यांनी अडीच हजार काढल्या, म्हणून तो सहा पेन्सच्याही आत आला. कर आणि किरकोळ बाबी सोडल्या, तर रेकॉर्ड निघत होती ती अशी. माझ्या मते या हिशोबातली खरी शिकवण स्वस्ताईची नसून प्रतींच्या संख्येची आहे.

अर्थात अडीच हजार प्रती छापणे आणि त्या खपवणे यांत अंतर असते. तिथे लंडनचे 'रफ ट्रेड' हे दुकान उपयोगी पडले, कारण ते स्वतंत्र लेबलांच्या तबकड्या विकतही असे आणि इतर दुकानांकडे पाठवतही असे. बीबीसी रेडिओवर जॉन पील अशी सिंगल्स आवर्जून वाजवत, हेही विसरून चालणार नाही. (याच गार्टसाइड यांनी १९८५ मध्ये 'व्हर्जिन' या मोठ्या रेकॉर्ड कंपनीसाठी अतिशय घोटीव, खर्चिक पॉप अल्बम केला. त्यावरून त्यांना बोल लावणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांतला नाही.)

एक बाब मात्र त्या हिशोबात नाही. कव्हरे फोटोकॉपीची होती. ती घड्या घालून तयार करायची, त्यांत तबकड्या सरकवायच्या, हे सारे काम बँडने आणि मित्रमंडळींनी घरीच उरकले. अडीच हजार घड्यांच्या मजुरीचा रकानाच त्यांनी आखला नव्हता.