मुलगा अमेरिकेहून रिसीव्हर आणतोय, आणू द्यावा का?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. २०११ साली पुण्याहून ५.१ चा, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर (खर्जाचा स्पीकर) चालवणारा रिसीव्हर आणि त्याचे स्पीकर घेतले. हॉल १२ बाय १६, वर कौलारू छप्पर. गेल्या दिवाळीत ४के टीव्ही आला, तेव्हापासून स्ट्रीमिंगचा बॉक्स रिसीव्हरमधून जोडला की पडदा मध्येच काळा होतो. शिवाय बायकोची तक्रार आहे की गाणी दणदणीत वाजतात, पण माणसं काय बोलतात ते कळत नाही. मुलगा न्यू जर्सीत असतो. ‘बाबा, डॉल्बी ॲटमॉसवाला दीडशे वॉटचा रिसीव्हर इकडून आणतो,’ म्हणतोय. पुढच्या महिन्यात येणार आहे. आणू द्यावा का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : सर, मुलाला आजच फोन करा आणि आणू नकोस म्हणून सांगा.

तिकडच्या मॉडेलच्या पाठीवर सहसा ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ छापलेलं असतं. आपल्याकडे २३० व्होल्ट येतात. तपकीर गल्लीजवळच्या माझ्या दुकानात असाच एक रिसीव्हर आला होता. मुलीनं वडिलांसाठी हौसेनं आणलेला. पिन बसेना म्हणून त्यांनी घरातला ॲडॉप्टर लावून बटण दाबलं. ॲडॉप्टर पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. मी झाकण काढलं तर जळक्या वॉर्निशचा वास आणि ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी काळी ठिक्कर. डब्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा पुरतं निघालं नव्हतं. त्या गृहस्थांचा चेहरा मला अजून आठवतो.

२३० चे १२० व्होल्ट करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून काम भागतं. पण रिसीव्हरसाठी मी हजार व्हीएच्या (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची क्षमता) खालचा सुचवणार नाही. तो जड असतो, आणि काहींची घरघर शांत प्रसंगात ऐकू येते. वॉरंटीचा प्रश्न वेगळाच. रेडिओ ऐकत असाल तर अजून एक अडचण : तिकडचे ट्यूनर १००.९ वरून थेट १०१.१ वर उडी मारतात. आमच्या पुण्याची विविध भारती नेमकी १०१ वर!

आता काळा पडदा. तुमचा रिसीव्हर बिघडलेला नाही. ४के चित्राची चोरी होऊ नये म्हणून एचडीसीपी २.२ नावाचं कुलूप असतं. ते तुमच्या रिसीव्हरनंतर आलं, त्यामुळे त्याच्याकडे त्याची किल्लीच नाही. म्हणून चित्र त्याच्यातून नेऊच नका. बॉक्स सरळ टीव्हीला जोडा. टीव्हीच्या ज्या एचडीएमआय खाचेवर ‘एआरसी’ लिहिलंय, तिथून एक केबल रिसीव्हरच्या ‘आउट’ला. आवाज त्याच केबलनं उलटा रिसीव्हरकडे येतो. ही सोय २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आहे, तेव्हा तुमच्याकडे असण्याची शक्यता दाट. रिसीव्हरच्या मेनूत ‘एचडीएमआय कंट्रोल’ चालू करावं लागेल. एआरसी नसेलच तर टीव्हीपासून रिसीव्हरपर्यंत ऑप्टिकल केबल टाका, तिच्यातूनही ५.१ येतं. दोन्ही वेळी टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ असेल तर बदलून ‘डॉल्बी डिजिटल’ करा, नाहीतर बहुतेक टीव्ही दोनच चॅनल पाठवतात.

काकूंची तक्रार मात्र मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ५.१ मध्ये बहुतेक संवाद मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात. आणि घरोघरी मी हाच स्पीकर टीव्हीखालच्या कप्प्यात आत ढकललेला पाहतो, पुढे फुलदाणी किंवा गणपती. आवाज लाकडावर आपटून घुमतो आणि शब्द गढूळ होतात. स्पीकर कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढा. तो कानाच्या पातळीखाली असेल तर पुढच्या बाजूखाली दोन खोडरबर ठेवा, म्हणजे तोंड वर, बसणाऱ्याकडे होईल. मग रिसीव्हरमध्ये सेंटरची पातळी ३ डेसिबलनं वाढवा. ‘नाइट मोड’ असेल तर तोही लावून बघा, मोठे आवाज दबतात आणि बोलणं वर येतं. हे सगळं करताना काकूंच्या जागेवर बसून ऐका, तुमच्या नव्हे.

दीडशे वॉटच्या आकड्याला भुलू नका. वॉट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो, आणि असे मोठे आकडे पुष्कळदा एकच चॅनल वाजवून मोजलेले असतात. १२ बाय १६ च्या हॉलला तुमचा जुना रिसीव्हर पुरून उरेल.

ॲटमॉसचं म्हणाल, म्हणजे डोक्यावरूनही आवाज येण्याची सोय, तर तिथं तुमचं छप्पर आडवं येतं. वर तोंड करून ठेवायचे जे स्पीकर मिळतात, ते आवाज सपाट छतावर आपटवून खाली आणतात. उतरत्या कौलांवरून तो भलतीकडेच जाईल. खरंच हवं असेल तर तुळयांना छोटे स्पीकर टांगावे लागतील. ती हौस पुढे कधी झाली तर रिसीव्हर इथलाच, २३० व्होल्टचा, ‘ईएआरसी’ (एआरसीची सुधारलेली आवृत्ती) असलेला घ्या. स्पीकर तेच चालतील, फक्त त्यांच्या पाठीवर किती ओहम (स्पीकरचा विद्युत रोध) लिहिलेत ते बघून ठेवा, नव्या रिसीव्हरला ते चालायला हवेत.

मुलगा आला की त्याला टीव्हीमागे एक तास बसवा. जोडणी अडली तर रिसीव्हरच्या मागच्या बाजूचा फोटो मासिकाकडे पाठवा. कुठली केबल कुठे, ते खुणा करून परत पाठवतो.