आधी वैशाख, मग चिरा

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. दापोलीपासून पाच किलोमीटरवरचे आजोबांचे कौलारू घर आणि भोवतीचे बत्तीस गुंठ्यांचे आवार विकावे, की घर पाडून पर्यटकांसाठी खोल्या बांधाव्यात, की आहे तेच दुरुस्त करून राहायला जावे, यात तू अडकला आहेस. आणि गणपतीत आठ दिवस तिथे राहून आल्यावर आराखडाही काढून घेतला आहेस. आराखडा सुबक आहे. पण गणपतीत पाहिलेल्या घरावरून काही ठरवू नये. तेव्हा विहीर काठोकाठ असते आणि परसातले अळू ताटाएवढे वाढलेले असते. एक अख्खे वर्ष, त्यातला वैशाख धरून, त्या घरात काढल्याशिवाय एकही चिरा हलवू नकोस.

दापोलीत वर्षाला सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे हजार चौरस फुटांच्या छपरावर एका पावसाळ्यात सव्वातीन लाख लिटरच्या आसपास पाणी पडते. तरीही अशा कितीतरी घरांना मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते, कारण जांभ्याची सच्छिद्र भुई आणि उतार मिळून ते पाणी थोपू देत नाहीत. तुझ्या आराखड्यात सहा न्हाणीघरे आहेत. वैशाखात तुमच्या विहिरीत किती हात पाणी उरते, हे ठाऊक नसताना सहा हा आकडा आला कुठून?

रागावून लिहीत नाही. मी हेच केले होते. नोकरी सोडून गावी परतलो, त्याच हिवाळ्यात आवाराभोवतीचा नुसत्या दगडांवर दगड रचलेला जुना गडगा काढून सिमेंटची भिंत घातली. गडग्याच्या फटींतून पाणी निघून जात असे, हे आषाढापर्यंत कळले नाही. पऱ्याचे, म्हणजे पावसाळी ओढ्याचे, पाणी भिंतीशी तुंबले, भिंत आडवी झाली आणि वडिलांनी लावलेल्या पोफळींच्या दोन ओळी मुळांसकट गेल्या. पश्चिमेची पडवी अडगळ वाटली म्हणून पाडली; ती पावसाच्या झडीपासून माजघराची भिंत राखत होती, हे भिंतीवर बुरशी चढल्यावर उमगले. वडिलांनी एवढेच विचारले होते, “एक पावसाळा थांबतोस का?” मी थांबलो नाही. ते गेले त्या वर्षापर्यंत ती भिंत ओलीच होती.

त्यानंतर मात्र मी थांबायला शिकलो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळात आमची निम्मी कौले उडाली, तेव्हा धाकट्या भावाने स्लॅबचा आग्रह धरला. मी तो पावसाळा ताडपत्रीखाली काढला, वारा कोणत्या कोपऱ्यातून आत शिरतो ते पाहिले, वासे बदलले आणि पुढच्या आगोटीआधी पुन्हा कौलेच चढवली. भावाला तो माझा अहंकार वाटला; आमचे बोलणे तेव्हापासून कमी झाले. त्याचे मला दुःख आहे. पण निर्णय चुकला, असे आजही वाटत नाही. वैशाखातल्या भर दुपारी माझ्या माजघरात पंख्याविना बसता येते, आणि तो स्वतः इथे येतो तेव्हा तिथेच आडवा होतो.

सातबाऱ्यावर किती चुलत्यांची नावे आहेत, ते तू पाहिले असशीलच. वाटेचे मात्र पाहा. चैत्रात शेजाऱ्याच्या शेतातून सरळ दारापर्यंत जाणारी गाडी भातलावणीच्या दिवसांत कुठे थांबते, हे नकाशा सांगत नाही. तिथे राहणाऱ्यालाच कळते. म्हणून पुन्हा सांगतो, वर्ष काढ. विकायचे ठरले तरी वर्ष काढ, नाहीतर आपण काय विकले हेच तुला कळणार नाही.

शिमग्याला जाशील तेव्हा रहाटाच्या दोराला हातागणिक गाठी मार आणि तेव्हापासून दर आठवड्याला विहिरीतले पाणी मोजून वहीत लिही. मेच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडे शाकारणी आहे, कौले वर द्यायला माणूस हवाच आहे. ती वही घेऊन ये. आराखडा घरीच राहू दे.

तुझा,
काका