धाकटी जरा मोठी होऊ दे

प्रश्न : माझा मुलगा ५ वर्षांचा आहे, मुलगी १४ महिन्यांची. ओळखीच्यांच्या कुत्रीला पिल्लं झाली आहेत, ती आता ५ आठवड्यांची आहेत. ‘लहानपणीच न्या, लळा लवकर लागतो,’ असं ते म्हणतात. मुलाने हट्ट धरलाय, नवऱ्याचंही बालपण कुत्र्यांसोबत गेलं आहे. मला कुत्र्यांची भीती वाटत नाही. पण दिवसभर घरात मी एकटीच असते. पिल्लू आणावं का?
— एक आई

उत्तर : ताई, आत्ता आणू नका. तुमच्या पत्रातलं ‘दिवसभर घरात मी एकटीच’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. सगळा निर्णय तिथेच आहे.

पिल्लाला आठ आठवडे तरी आईपासून तोडायचं नसतं. भावंडांशी खेळताना एखादं जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ थांबतो. दात किती लावायचे, हे पिल्लू असंच शिकतं. तुमच्या घरात तर ते शिकलेलं असणं फारच गरजेचं आहे.

शिवाय पिल्लू म्हणजे घरातलं तिसरं मूल. दिवसातले १८ ते २० तास ते झोपतं हे खरं, पण जागं झालं की लगेच, खाल्लं की लगेच आणि रात्रीतूनही एक-दोनदा त्याला शी-शूला बाहेर न्यावं लागतं. दुधाचे दात सुईसारखे असतात. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दात बदलताना तर समोर येईल ते चावायला हवं असतं, आणि समोर नेमकी त्याच्याच उंचीची, धडपडत चालणारी तुमची मुलगी असणार. पिल्लांच्या पोटात जंत असतात, म्हणून सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी औषध द्यावं लागतं. इकडे मुलगी जमिनीवरचं सगळं तोंडात घालण्याच्या वयाची.

मी जनावरांची डॉक्टर. माझा मुलगा दोन वर्षांचा असताना मी पिल्लू आणलं होतं. सगळं ठाऊक होतं, तरी दोघांवर एकाच वेळी नजर ठेवणं मला जमलं नाही. शेवटी मुलाला सांभाळायचं म्हणून पिल्लू तासन् तास बांधलेलं राहायचं. दोर ताणून ते माझ्याकडे बघत बसायचं. ते आजही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

एक प्रसंग सांगते. ‘काही कारण नसताना चावला,’ म्हणून एका कुटुंबाने चार वर्षांचा कुत्रा माझ्याकडे आणला. बाळाच्या गालावर टाके पडले होते. ‘आधी कधी गुरगुरायचा का?’ असं मी विचारलं. म्हणाले, ‘हो, बाळ जवळ गेलं की गुरगुरायचा. प्रत्येक वेळी आम्ही फटका दिला, मग बंद झालं.’ बंद झालं ते गुरगुरणं. त्रास तसाच राहिला. मग तो झोपलेला असताना बाळ रांगत त्याच्या अंगावर गेलं. गुरगुरणं ही कुत्र्याची विनवणी असते, त्यासाठी त्याला कधीही मारू नये, मुलाला तिथून उचलावं. त्याआधीही तो बरंच काही सांगत असतो : तोंड फिरवतो, ओठ चाटतो, झोप नसताना जांभया देतो, अंग ताठ करतो, डोळ्यांचं पांढरं दिसू लागतं. लहान मुलांना बहुतेक वेळा घरचा किंवा ओळखीचा कुत्राच चावतो आणि उंचीमुळे चावा तोंडावर, मानेवर बसतो. म्हणून कितीही गरीब कुत्रा असला तरी दोघांना एकटं सोडायचं नाही, फोन घ्यायला म्हणूनही नाही. दात लागलाच, अगदी ओरखडा असला तरी, साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

तुमच्या यजमानांच्या आठवणी खऱ्याच आहेत. फक्त त्यांना विचारा, त्या कुत्र्यांना पहाटे बाहेर कोण नेत होतं? आता कोण नेणार? पाच वर्षांचा मुलगा पाण्याचं भांडं भरू शकेल, पट्टा धरणं त्याचं काम नव्हे. कुत्रा दहा-बारा वर्षं जगतो आणि ती सगळी वर्षं तो मोठ्यांचाच असतो.

मुलगी चारेक वर्षांची झाली की पुन्हा विचार करा. तेव्हाही मी पिल्लापेक्षा तीन-चार वर्षांचा, मुलांच्या घरात राहिलेला शांत कुत्रा सुचवीन. दोन्ही मुलांना घेऊन त्याला चार-पाचदा भेटा, मगच ठरवा.

तोवर मुलाला नुसतं ‘नाही’ म्हणू नका. ओळखीच्यांकडे त्याला घेऊन जा, पण पिल्लं जरा मोठी झाल्यावर. अंगावर पिणाऱ्या पिल्लांची आई परक्याला जवळ येऊ देईलच असं नाही. आधी विचारायचं, कुत्र्याला आपणहून येऊन हुंगू द्यायचं, डोक्यावरून हात न नेता छातीला खाजवायचं, खाताना-झोपताना हात लावायचा नाही, हे त्याला तिथे शिकवा. आणि पिल्लं आणखी तीन आठवडे आईपाशीच राहू द्या, एवढं त्या ओळखीच्यांना माझ्या वतीने सांगा.