कव्हर ऐकायला सुरुवात करताय?

कव्हर म्हणजे एका कलाकाराचं गाणं दुसऱ्यानं पुन्हा गायलेलं. मूळ गाणं आधी नीट कानात बसू द्या, मग कव्हर लावा. पण ‘मूळची सर नाही’ असं पहिल्याच फटक्यात म्हणू नका. काय बदललंय ते शोधा. सुरुवात ‘रिस्पेक्ट’पासून करा. ओटिस रेडिंगनं १९६५ मध्ये स्वतः लिहून गायलेलं हे गाणं म्हणजे घरी परतणाऱ्या पुरुषाची बायकोकडे विनवणी. १९६७ मध्ये अरीथा फ्रँकलिननं तेच गायलं आणि विनवणीचा हुकूम झाला! आर-ई-एस-पी-ई-सी-टी अशी अक्षरं सुटी करून म्हणणं मूळ गाण्यात नाहीच, ते तिचं. मधला सॅक्सोफोनचा तुकडाही नवा. कोरसमध्ये तिच्या बहिणी आहेत. एकदा हेडफोन लावून फक्त त्यांच्याकडे कान द्या, अंगावर काटा येतो.

हुबेहूब नक्कल असलेली कव्हर्स माझ्या मते खुशाल सोडा.

पुढे बॉब डिलनचं ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ घ्या. १९६७ चं मूळ गाणं गिटार-हार्मोनिकावरचं, मोजक्या वाद्यांचं. १९६८ मध्ये जिमी हेंड्रिक्सच्या इलेक्ट्रिक गिटारनं त्यात वादळ आणलं. नंतर खुद्द डिलनही कार्यक्रमांत ते हेंड्रिक्सच्या वळणानं वाजवू लागला.