राखणीसाठी मुधोळ आणावा का?

प्रश्न : शेतावर राखणीसाठी मुधोळ जातीचे पिलू आणण्याचा आमचा विचार आहे. विकणारा मात्र त्याला कारवान म्हणतो. या दोन वेगळ्या जाती आहेत का? शिकारी वंशाचा कुत्रा म्हणून तो माणसांच्या अंगावर जाईल का, आणि आमच्या कोंबड्यांचे काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही नावे दख्खनच्या एकाच शिकारी कुत्र्याची आहेत. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याची नोंद कारवान हाउंड म्हणून करतो. टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, तेव्हा त्यावर मुधोळ हे नाव छापले. मध्य आणि पश्चिम आशियातून आलेल्या व्यापारी तांड्यांबरोबर व फौजांबरोबर सलुकीसारखे चपळ कुत्रे दख्खनेत पोहोचले आणि त्यांच्यापासून हा वंश घडला, असे सामान्यतः मानले जाते. मुधोळ हे आज कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात येते. तेथील संस्थानिक मालोजीराजे घोरपडे यांनी या वंशाची जोपासना केली आणि ब्रिटनचे राजे पंचम जॉर्ज यांना काही कुत्रे भेटही दिले.

हा कुत्रा वासाने नव्हे, तर नजरेने शिकार करतो. लांब निमुळते तोंड, खोल छाती, आत गेलेले पोट आणि लांब पाय ही सारी ठेवण मोकळ्या माळावर सशाचा पाठलाग करण्यासाठी आहे. नराची खांद्यापर्यंतची उंची साधारण ७० सेंटीमीटर भरते, तरी अंगाने तो सडपातळच असतो. समोरून काही पळाले की त्याच्यामागे धावणे हे त्याच्या रक्तातच असल्याने कोंबड्यांना भक्कम जाळी हवीच. लहानपणापासूनच्या सवयीने फरक पडतो, पण भरवसा ठेवू नये.

माणसांच्या बाबतीत तो आक्रमक नव्हे, अलिप्त असतो. घरच्यांना जीव लावतो. परक्याने अंगावरून हात फिरवलेला त्याला सहसा आवडत नाही. अनोळखी माणसाची चाहूल तो देईल, पण दांडग्या राखणदाराचे काम त्याच्याकडून अपेक्षू नका. राखणीच्या नावाखाली या कुत्र्याला दिवसभर साखळीला बांधणे ही आपल्याकडची सर्वांत मोठी चूक आहे, कारण धावायला न मिळालेला मुधोळ चिडका किंवा भित्रा होतो, आणि मग लोक दोष त्याच्या जातीला देतात. तुमचे शेत कुंपणाचे असेल आणि त्याला रोज मोकळे सोडणार असाल, तरच पिलू आणावे.

हौसेने कोणी ससा धरायला कुत्रा मागितला, तर स्पष्ट नकार द्या. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार तो गुन्हा आहे. अंगात चरबी फार कमी असल्यामुळे काही भुलीची औषधे अशा कुत्र्यांच्या शरीरातून उशिरा उतरतात, म्हणून नसबंदीपूर्वी पशुवैद्यकाला जात आवर्जून सांगावी. पिलू घेताना शक्य तर त्याचे आई-बाप पाहा. कर्नाटक पशुवैद्यकीय विद्यापीठाचे मुधोळजवळ तिम्मापूर येथे या जातीचे संशोधन केंद्र आहे, तेथे आधी चौकशी केलेली बरी.