गुहागरच्या घरातला आयकॉम ७३०० हा हॅम रेडिओ सेट पुण्यातून चालवता येईल का? तिथे फक्त मोबाइलचं इंटरनेट आहे.

हो, येईल. ७३०० ची एकच यूएसबी केबल कंट्रोल आणि आवाज दोन्ही नेते. ती तिथल्या कॉम्प्युटरला जोडा आणि दोन्हीकडच्या कॉम्प्युटरवर डब्ल्यूएफव्ह्यू हा रेडिओ लांबून चालवायचा प्रोग्रॅम टाका, गुहागरचा सर्व्हर म्हणून. मोबाइल इंटरनेटला सहसा स्वतःचा पब्लिक आयपी (बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता) नसतो, म्हणून राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंगच्या नादी न लागता टेलस्केल (दोन्ही कॉम्प्युटर खाजगी नेटवर्कने जोडणारं व्हीपीएन) वापरा.

सेटच्या मेनूत तीन गोष्टी बघा:
- सीआय-व्ही (आयकॉमची कंट्रोलची भाषा) यूएसबी पोर्ट 'अनलिंक' आणि बॉड रेट, म्हणजे डेटाचा वेग, १,१५,२००; त्याशिवाय वॉटरफॉल, म्हणजे बँडवरचे सिग्नल दाखवणारं सरकतं चित्र, येत नाही.
- यूएसबी सेंड (यूएसबीच्या इशारा-लाइनवरून ट्रान्समिट सुरू करायची सोय) बंद. चालू असेल तर कॉम्प्युटर रीस्टार्ट होताना डीटीआर किंवा आरटीएस ही इशारा-लाइन चालू होते आणि सेट आपोआप ट्रान्समिटला लागतो. सगळ्यात धोक्याची चूक हीच.
- सीआय-व्ही टाइमआउट (ठरल्या वेळेनंतर ट्रान्समिट आपोआप बंद करणारा टाइमर) ३ मिनिटं; ट्रान्समिट चालू असताना नेट तुटलं तर हाच वाचवतो.

ट्रान्समिट करताच यूएसबी सुटत असेल तर केबलच्या दोन्ही टोकांना फेराइट (रेडिओचा त्रास अडवणारी चुंबकीय कडी) घाला, केबलचे चार-पाच वेढे त्यातून देऊन.

फक्त विजांचं बघा. वळवाच्या आणि परतीच्या पावसात अँटेनाची केबल सोडवून घराबाहेर टाकायला तिथे माणूस हवाच, ते कॉम्प्युटरवरून होत नाही.