तिघांच्या कस्टमर सपोर्ट टीमसाठी सोपं हेल्पडेस्क सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की तिघांत मिळून एकच ईमेल आणि एकच व्हॉट्सॲप नंबर आहे. एखाद्या ग्राहकाला दोन-दोन उत्तरं जातात, एखाद्याला एकही जात नाही, आणि महिन्याचा फार खर्चही झेपणारा नाही. आमचं अगदी असंच चाललं होतं. आम्ही घरघंट्या विकतो, दुरुस्तीही करतो, आणि तक्रारी बघायला मी धरून तिघंच.

लातूरकडच्या एका ताईंची मोटर बंद पडली होती. घरी दळणं घेऊन त्यावर त्यांचा संसार चालायचा. पहिला फोन मी घेतला, दुसरा सहकाऱ्यानं, आणि त्यांनी पाठवलेला व्हिडिओ तिसऱ्यानं पाहिला. तिघंही "बघतो ताई" म्हणालो. मेकॅनिक दुसऱ्यानं पाठवला असेल असं प्रत्येकानं धरून चाललं. मशीन ११ दिवस बंद राहिलं आणि त्यांची गिऱ्हाइकं गावातल्या गिरणीकडे गेली. तिघांपैकी कामात कुणीच कुचराई केली नव्हती, फक्त त्या तक्रारीवर कुणाचंच नाव नव्हतं. मला ते आजही लागतं.

म्हणून सॉफ्टवेअर बघताना मी आधी एवढंच तपासतो: तिकिटावर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या प्रत्येक तक्रारीच्या नोंदीवर, एका माणसाचं नाव लागतं का, ते बाकीच्यांना दिसतं का, आणि दोघांनी एकच तिकीट उघडलं तर तसं कळतं का. चॅटबॉट, रंगीत आलेख, ग्राहकांचे स्टार वगैरे तिघांच्या टीमनं पहिल्या वर्षी विसरावं.

आम्ही झोहो डेस्कवर सुरुवात केली, कारण तेव्हा त्यांची तीन जणांपर्यंतची योजना मोफत होती. अटी बदलत असतात, त्यामुळे घेण्याआधी त्यांच्या साइटवर बघून घ्या. तुमच्याकडे सर्व्हर सांभाळणारा कुणी असेल तर फ्रीस्काउट जरूर बघा. ते ओपन सोर्स आहे, पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालतं, आणि दिसायला साध्या मेलबॉक्ससारखं असल्यानं शिकवायला वेळ लागत नाही. मूळ सॉफ्टवेअर फुकट, काही जोड मॉड्यूल विकत. मात्र बॅकअप आणि अपडेट तुमच्याच गळ्यात, हे धरून चला. झेंडेस्क उत्तम आहे, पण तुमच्या कामाला ते जड होईल.

कुठलंही घेतलं तरी सपोर्टचा ईमेल त्याला जोडावा किंवा त्यात फॉरवर्ड करावा लागतो, आणि उत्तरं तुमच्याच पत्त्यावरून जाण्यासाठी डोमेनमध्ये एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी (मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे समोरच्या मेल सर्व्हरला पटवणाऱ्या) घालाव्या लागतात. हे टाळू नका. आम्ही टाळलं होतं, आणि आमची उत्तरं ग्राहकांच्या स्पॅममध्ये पडून होती.

खरी अडचण व्हॉट्सॲपची. बिझनेस ॲप एका फोनशिवाय आणखी चार उपकरणांना जोडता येतं, लेबलही लावता येतात, पण मेसेज कुणाच्या वाट्याचा हे त्यातून नीट कळत नाही. एपीआयनं, म्हणजे व्हॉट्सॲप दुसऱ्या सॉफ्टवेअरला जोडायच्या सोयीनं, हेल्पडेस्कला जोडलंत तर ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजपासून २४ तासच मोकळेपणानं लिहिता येतं, त्यानंतर व्हॉट्सॲपकडून आधी मंजूर करून घेतलेला टेम्प्लेट, म्हणजे ठरलेला मजकूरच, पाठवावा लागतो. आम्ही सध्या तो खर्च करत नाही. फोन किंवा मेसेज आला की घेणारा तिथल्या तिथे तिकीट उघडतो आणि नंबर ग्राहकाला सांगतो. "मागाहून टाकतो" म्हटलेली नोंद कधीच होत नाही, त्यामुळे फोन चालू असतानाच दोन ओळी टाइप करायच्या हा आमचा एकमेव कडक नियम.

स्टेटस तीनच ठेवले: ओपन, पेंडिंग, सॉल्व्ह्ड. पेंडिंग म्हणजे चेंडू ग्राहकाकडे, जसं बिलाचा फोटो यायचाय. पार्ट यायचा असेल तर ते तिकीट ओपनच राहतं, कारण वाट ग्राहक बघतोय. दर सोमवारी सगळ्यात जुनी तिकिटं वर घेऊन तिघं मिळून वाचतो.

टॅगही लावा, मोजकेच. 'जाळी' हा टॅग पावसाळ्यात फार वाढलेला दिसला तेव्हा लक्षात आलं, की लोक ओलसर ज्वारी बारीक जाळी लावून दळतात आणि ती तुंबते. धान्य उन्हात किंवा पंख्याखाली वाळवून घ्या, असा मराठीत तयार मजकूर करून ठेवला. आता निम्म्या वेळा मेकॅनिक पाठवावाच लागत नाही.

तुम्ही ऑनलाइन विकत असाल तर आणखी एक. ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तिकीट नंबरासह आपोआप जाणारा मेल पोच म्हणून तारीखवार जपला जातो. त्या मेलचा मजकूर मात्र स्वतः मराठीत लिहा, खाली एक चालू फोन नंबर द्या, आणि स्वतःच्याच दुसऱ्या ईमेलवरून खोटी तक्रार पाठवून तो कसा पोचतो ते एकदा बघा.